पूर ओसरला, आता पंचनाम्याची वाट पाहत बसायचं का गावानंच सुरू करायचं?

नदीकाठचा_पोट्टा
रामराम मंडळी. आमचं गाव वर्धा नदीच्या काठाले, यवतमाळ जिल्ह्यात. पाणी उतरलं पण खालच्या वस्तीत घराघरात गुडघाभर गाळ, पऱ्हाटी (कपाशी) आडवी, काठावरची वावरं तर पार खरडून गेली. तलाठी म्हणते येतो दोन-चार दिवसात, त्याच्याकडे बाकीचीही गावं आहेत, त्यालेही काय बोलावं. इकडे पुण्या-नागपुरात नोकरीले असलेल्या पोरायनं ऑनलाइन पैसे पाठवणं सुरू केलं आणि त्याच्यावरच वाद पेटला, कोणी म्हणते सगळ्यायले सारखे वाटा, कोणी म्हणते ज्याचं जास्त गेलं त्याले द्या, सरपंच म्हणते माझ्याजवळ द्या (हे कोणालेच मान्य नाही 😀). कोणाच्या गावात असं झालं असन तर सांगा, सुरुवात कुठून केली?

वैनगंगा_२०२०
भाऊ, पैसे हातात वाटूच नका, भांडणं लागतात. आम्ही ब्रह्मपुरी तालुक्यातले, ऑगस्ट २०२० च्या शेवटी गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले तेव्हा धानाच्या बांध्याच काय, घरंही पाण्यात होती. आमच्या गावात पहिला खर्च झाला तो डिझेलचा. प्यायच्या विहिरीवर इंजिन लावून उपसली, गाळ काढला, परत उपसली, मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली. बाकी सगळं त्याच्या मागून.

आणि यादी करा, पण बचत गटाच्या बायांकडून. माणसं विचारतात वावर किती गेलं, बाया थेट चुलीपाशी जाऊन पाहतात की कोणाच्या ढोलीतले (कणगीतले) धान भिजले, कोणाच्या घरी लहान लेकरू आहे. मग ती यादी मारोतीच्या देवळापाशी माईकवर वाचली, ज्याले आक्षेप त्यानं तिथंच बोलायचं. एकाचं नाव आलं तर चार जण ओरडले, अरे याची म्हैस तर पुराच्या आधीच बाजारात विकली होती 😂 कमिटी वगैरे काही लागली नाही.

जुना_महसूलवाला
महसुलात होतो, आता रिटायर. गाळ काढायची घाई समजते पण आधी फोटो. आणि नुसता गाळ नको दिसायला, जाडी दिसली पाहिजे. २०२२ च्या निकषात वावरातला गाळ तीन इंचाच्या वर असला तरच अल्पभूधारकाला हेक्टरी १८,००० होते, जमीनच वाहून गेली असेल तर ४७,०००. पंचनाम्यात फक्त "गाळ साचला" एवढं लिहिलं की गेलं, म्हणून गाळात टेप उभा धरून फोटो काढा आणि आकडा लिहून घ्या. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर लागतं. दुभती गाय-म्हैस मेली असेल तर त्याच निकषात ३७,५०० होते, पण जनावर जमिनीत गाडायच्या आधी जनावराच्या डॉक्टरचा कागद घ्या. पंचनाम्यावर गावातल्या पंचांच्या सह्या असतातच, तेव्हा तुमची यादी तयार असली तर तलाठ्याचंही काम हलकं होते.

पऱ्हाटीवाली
दादा हे सगळं सातबारावाल्यायसाठी झालं. मी मक्त्यानं (भाड्यानं) वावर करते, बियाणं माझं, खत माझं, मजुरी माझी, आणि मदत येते मालकाच्या खात्यात, तो राहते अमरावतीले. म्हणून मले विचाराल तर वर्गणीचा पैसा ज्यायचं नाव सरकारी यादीत येणारच नाही त्यायच्यासाठी ठेवा, मक्तेवाले, बटईवाले आणि मजुरीवाल्या बाया ज्यायचा निंदणाचा पूर्ण हंगाम गेला. ज्याले शासनाचं मिळणार त्याले गावानं परत कशाले द्यावं?

बायांचं म्हणाल तर किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ ची गोष्ट, जी गावं हलवली नाहीत तिथं लोकायनं सरकारी मदतीत आपापली घरं स्वतः दुरुस्त करून घेतली आणि गावोगावी बायाच संवाद सहायक होत्या. हप्ता आला का, काम बरोबर होऊन राह्यलं का, हे त्याच पाहत. आपल्याकडे बाईले पंच म्हणून सही करायले कोणी बोलावत नाही ते वेगळं.

कोरडवाहू
सगळं बरोबर, पण गावानं केलं की सरकार हात झटकते हेही लिहून ठेवा. ३० जुलै १९९१ ले याच वर्धा नदीच्या पुरानं नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडात २०४ माणसं नेली. तेवढं मोठं गाव वर्गणीनं उभं राह्यलं असतं का?

वैनगंगा_२०२०
@कोरडवाहू नसतं राह्यलं, मान्य. म्हणूनच ग्रामसभा घ्या, यादी ठरावाले जोडा, खचलेल्या विहिरी आणि धुऱ्यांची (बांधांची) कामं रोजगार हमीतून मागा, आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. विहीर उपसायले मात्र कोणाची वाट पाहू नका, जुलाब सुरू झाले की ठराव काही कामाचा नाही.

नदीकाठचा_पोट्टा
धन्यवाद सगळ्यायले. टेपवाली गोष्ट आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हती, आजच पोट्टे पाठवतो. @पऱ्हाटीवाली ताई, मक्तेवाल्यायचं मीटिंगमध्ये मांडतो, मालक लोक चिडतीन पण चिडू द्या. ट्रॅक्टरवाले फक्त डिझेलवर यायले तयार झाले, आता ड्रायव्हरची रोजी कोण देणार यावर सुरू आहे 🙏 वणी-मारेगावकडे कोणाजवळ मडपंप (गाळ उपसायचा पंप) असन तर मेसेज करा, आमच्या इंजिनात गाळ अडकून राह्यला.