आजोबांची जुनी मार्टिनी रायफल: नवी नळी टाकायची की नुसता दस्ता करायचा?

धरमपेठवाला:

नमस्कार मंडळी, जरा लांब आहे पण पूर्ण वाचा. आमच्याकडे आजोबांची एक सिंगल शॉट रायफल आहे, पॉइंट २२, खालचा लिव्हर ओढला की आतल्या ठोकळ्याचं तोंड खाली झुकतं आणि काडतूस एकेक करून हाताने टाकायचं. बाजूला तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या ठेवल्यासारखा शिक्का आहे. आजोबांनंतर लायसन्स वडिलांच्या नावावर आणि आता वारसाने माझ्या नावावर झालं आहे, कागदपत्रं सगळी चोख. पण दस्ता मनगटापाशी, म्हणजे मुठीत धरतो त्या बारीक भागाशी, उभा चिरला आहे, कोणीतरी कधीकाळी त्यावर पितळी पट्टी ठोकून ठेवली, आणि नळी बाहेरून गंजली. आता मी व्हिडिओत पाहून राहिलो की अमेरिका ऑस्ट्रेलियातले लोक अशाच जुन्या अ‍ॅक्शनवर, म्हणजे काडतूस धरून गोळी झाडणाऱ्या मधल्या यंत्रणेवर, नवी नळी, अक्रोडाचा दस्ता चढवून इतक्या देखण्या रायफली करतात की नजर हटत नाही. मलाही तशी करायची आहे, रेंजवर नेम मारायला, बाकी काही नाही. एक ओळखीचे म्हणाले की हिच्यावर पॉइंट ३१५ ची नळी बसवून टाक, दमदार होईल. खरंच बसते का? नागपुरात असं काम कोणी केलं आहे का?

जुना_आर्मरर:

भाऊ, पहिले ते ३१५ डोक्यातून काढून टाका. शिक्का तुम्ही सांगितला तो बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीचा, आणि तुमची ती छोटी मार्टिनी. ३१५ चं काडतूस म्हणजे जुनं ८ मिलिमीटरचं लष्करी काडतूस, ते लांबीलाच या छोट्या अ‍ॅक्शनमध्ये मावत नाही, आणि त्याचा दाब तर विचारूच नका. शिवाय तुमची पॉइंट २२ म्हणजे रिमफायर, म्हणजे पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, मधोमध नाही. सेंटरफायर करायची तर ठोकळ्यापासून सगळं बदलावं लागतं.

मी फौजेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं, कामठीलाही होतो, म्हणून या अ‍ॅक्शनबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. मूळ कल्पना अमेरिकेतल्या पीबॉडीची, १८६२ ची, मागे बिजागरी आणि पुढून झुकणारा ठोकळा. पण त्याला घोडा, म्हणजे पिनवर आपटणारी हातोडी, बाहेर होता, तो वेगळा ओढावा लागे. स्वित्झर्लंडमध्ये कारखाना असलेल्या मार्टिनीने तो घोडाच काढून टाकला आणि पिन व स्प्रिंग ठोकळ्याच्या पोटात घातली, त्यामुळे लिव्हर एकदा खालीवर केला की जुनी पुंगळी बाहेर आणि रायफल तयार. एडिंबराच्या हेन्रीची नळी तिला जोडली आणि १८७१ मध्ये ब्रिटिश फौजेने मार्टिनी-हेन्री घेतली. तुमची तिची धाकटी बहीण समजा. झटका मागे आला की ठोकळा मागच्या पोलादी भिंतीला टेकतो, म्हणून ही अ‍ॅक्शन इतकी टिकते. परदेशी कारागीर दुसऱ्याही अ‍ॅक्शन शोधतात, स्कॉटलंडच्या फार्कर्सनचं पेटंट १८७२ चं, ब्राउनिंगचं १८७९ चं जे पुढे विंचेस्टर १८८५ म्हणून विकलं गेलं. त्यात ठोकळा झुकत नाही, खाचेतून सरळ खाली सरकतो.

आणि एक सांगतो, नळी बाहेरून गंजली म्हणजे आतून गेली असं नसते. दुकानात नेऊन आधी साफ करून घ्या, मग उजेड धरून आत पाहा. तोंडाची कड बघा, कारण या रायफली बहुतेकांनी तोंडाकडूनच रॉड घालून पुसल्या, तिथे कड झिजते आणि नेम बिघडतो, आणि लोक उगाच पूर्ण नळीला दोष देतात. आधी मारलेल्या पुंगळ्या कुठे पडल्या असतील तर त्याही दाखवा. कडेवर ठसा नीट आहे का, बुडाशी फुगली आहे का, त्यावरून ठोकळा किती झिजला ते कळते.

मेलबर्नचा_नागपूरकर:

मी मूळचा महालातला, आता पंधरा वर्षं इकडे. तुम्ही जे व्हिडिओ पाहिले त्यातल्या अर्ध्या रायफली इथल्याच असतील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाने शाळकरी कॅडेट मुलांसाठी पॉइंट ३१० च्या छोट्या मार्टिनी मागवल्या, बीएसए आणि ग्रीनरने बनवल्या, अंगावर कांगारूचा शिक्का. नंतर त्या सरकारने विकून टाकल्या, अमेरिकेतही गेल्या, आणि कारागिरांना स्वस्तात मजबूत अ‍ॅक्शन मिळाली. इथे तर या अ‍ॅक्शनसाठीच पॉइंट २२२ रिम्ड नावाचं वेगळं काडतूस निघालं, कारण मूळ २२२ ला बाहेर आलेली कड नाही आणि मार्टिनीचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणारा आकडा, कडेलाच धरतो. काडतुसासाठी बंदूक बदलण्याऐवजी बंदुकीसाठी काडतूस बदललं, हे मला फार आवडतं.

माझी स्वतःची एक आहे, पॉइंट २२ हॉर्नेट नावाच्या काडतुसाची, लायसन्सवाल्या गनस्मिथकडून करून घेतलेली. हातात घेतली की फरक कळतो, दुसऱ्या रायफलींसारखा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, मागेपुढे सरकायला जागा लागत नाही म्हणून तेवढ्याच लांबीच्या नळीची रायफल चांगली चारेक इंच आखूड होते, तोल दोन हातांच्या मधे येतो. पण दादा, मनापासून सांगतो, माझी आधीच कोणीतरी कापलेली मोडलेली होती म्हणून मी केली. तुमची आजोबांची आहे आणि अख्खी आहे. नवी नळी टाकली की ती दुसरीच रायफल होईल. दस्ता करा, नळी राहू द्या.

सिव्हिल_लाइन्स:

कायद्याचं मी लिहितो, कारण यात लोक फसतात. लायसन्सवर बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, लिहिलेला असतो, तो बदलणं म्हणजे नुसती दुरुस्ती नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बनवणं आणि दुरुस्ती दोन्हीला परवाना लागतो, नळी आखूड करायलाही लागतो. म्हणून रायफल साध्या सुताराकडे किंवा लेथवाल्याकडे ठेवून येऊ नका, त्याच्याकडे परवाना नाही तर तोही अडकेल आणि तुम्हीही. शहरात राहता तर पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र शाखेत आधी लेखी विचारून घ्या. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, घरात अजून काही असेल तर मोजून घ्या.

बोअरचं वेड आपल्याकडे जुनंच आहे. इंग्रजांनी १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात पॉइंट ४५० बोअरच्या शिकारी रायफलींवर बंदी घातली, कारण मार्टिनी-हेन्रीचा बोअर तोच, आणि बंडखोरांच्या हातात मार्टिन्या होत्या, त्यांना दारूगोळा मिळेल ही भीती. म्हणून लंडनच्या कंपन्यांना ४६५, ४७० असे नवे बोअर काढावे लागले. आजोबांच्या पिढीतल्या शिकाऱ्यांच्या तोंडी हे आकडे असायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते सगळं संपलं, आणि बरंच झालं, पेंचचे वाघ त्यामुळेच दिसून राहिले.

लाकूडवाला_बल्लारशा:

दस्त्याचं आपल्याला विचारा. आमचा धंदा सागवानाचा पण दस्त्याला सागवान घेऊ नका, मनगटापाशी चिरतो. शिसम मजबूत आहे पण जड, पुढून नळी हलकी असली की तोल मागे जातो. अक्रोडच घ्या, काश्मीरचा. मार्टिनीचं एक बरं आहे, दस्ता दोन तुकड्यांत असतो, मागचा आणि पुढचा, त्यामुळे पूर्ण लांबीची फळी शोधावी लागत नाही. मागचा तुकडा आतून लांब बोल्टने अ‍ॅक्शनला आवळलेला असतो. तुमचा का चिरला ते इथून सांगतो: वर्षानुवर्षं अ‍ॅक्शनमधलं तेल मागे लाकडात मुरलं, लाकूड मऊ झालं, बोल्ट ढिला पडला, आणि कोणीतरी दाबून आवळला.

नवीन तुकडा घेताना रेषा मनगटातून सरळ गेल्या पाहिजेत, तिरप्या गेल्या तर पुन्हा तिथूनच तुटेल, मग वरचं डिझाइन कितीही सुंदर असो. आणि आपल्या नागपूरचं हवामान लक्षात घ्या भाऊ, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री आणि जुलैत सगळं ओलं. बाहेरून आलेलं लाकूड लगेच कापू नका, घरात एक पूर्ण उन्हाळा एक पावसाळा पडू द्या. पुढचा तुकडा नळीला दाबून बसवू नका, लाकूड फुगलं की नळीला ढकलते आणि गोळ्या दर महिन्याला वेगळीकडे जातात.

पॉलिशला जवसाचं तेल, आपल्या विदर्भाचंच, पण उकळून तयार केलेलं, कच्चं लवकर सुकत नाही. बोटाने अगदी पातळ. जुने लोक सांगत, आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला एक हात. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना गरम होते आणि फडकं आपोआप पेटते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

धरमपेठवाला:

सगळ्यांचे आभार. परवा लायसन्सवाल्या दुकानात जाऊन आलो. नळी साफ केली तर आतून चकचकीत निघाली हो, फक्त तोंडाजवळ दोनेक इंच गंजाचे दाणे आहेत. आर्मरर काका, तुम्ही म्हणाले तसंच. दुकानदाराने पितळी पट्टी काढली तर खाली लाकडावर आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं सापडलं, घरी कोणालाच माहीत नव्हतं. आई तर किती वेळ त्यावर बोट फिरवत बसली. आता नळी बदलायचा विषय संपला. पण दस्ता तरी बदलू का, ते अक्षर जाईल ना?

लाकूडवाला_बल्लारशा:

मग नवा करूच नका आत्ता. चीर एका रेषेत असेल आणि तुकडा सुटला नसेल तर जुनाच जोडता येईल. आधी मुरलेलं तेल काढायचं, खडूची बारीक पूड लावून हलकी ऊब द्यायची, पूड तेल ओढून घेते, दोनचार वेळा करा. मग चिकटवायचं आणि आतून मनगटात एक पिन. कोरलेल्या जागेला पॉलिशपेपर अजिबात लावू नका, आणि धातूच्या कडेलाही नाही, तिथे लाकूड केसभर वर असलं पाहिजे. दस्ता काढतानाचे फोटो टाका, बोल्टची बाजू मला पाहायची आहे.

जुना_आर्मरर:

आणि जोडल्यावर पहिले दहा राउंड मारायच्या आधी मला सांगा, मी रेंजवर येतो. तोंडाजवळच्या दाण्यांसाठी आधीच काही करू नका, आधी गोळ्या कुठे जातात ते पाहू.

धरमपेठवाला:

नक्की काका. दसऱ्याला ती दरवर्षी पूजेत ठेवतो, तोपर्यंत जोडून होईल असं दुकानदार म्हणाला. फोटो रविवारी टाकतो.