मदत हवी आहे: सिंजारच्या नोंदींतून टक्केवारी कशी मांडावी?

इराक युद्धात बाहेरून आलेल्या लढवय्यांवर टिपण तयार करायचंय. आधार सिंजारच्या नोंदींचा. सिंजार हे उत्तर इराकमधलं गाव; अल-कायदाच्या इराकमधल्या शाखेने बाहेरून येणाऱ्या लढवय्यांची माहिती या अर्जांत नोंदवली होती. 2007 च्या शरद ऋतूत सीरियाच्या सीमेजवळ अमेरिकन फौजेच्या हाती लागलेले हे साधारण 700 अर्ज. काळ ऑगस्ट 2006 ते ऑगस्ट 2007. अर्जांत रकाने असे: टोपणनाव, गाव, धंदा, सोबत आणलेले पैसे, वाटेतल्या मध्यस्थाचं नाव, अगदी घरचा फोन नंबरसुद्धा. सरकारी कचेरीला लाजवेल असा कारभार!

अडचण छेदाची, म्हणजे टक्केवारी किती अर्जांपैकी काढायची याची आहे. देश नोंदवलेले अर्ज जेमतेम 600. त्यात सौदी 244 म्हणजे 41 टक्के, लिबियाचे 112 म्हणजे जवळपास 19. पण लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं की लिबिया सौदीच्या पुढे जातो, आणि त्यातही एकट्या दरना शहरातून पन्नासहून जास्त. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर वाचणारा गोंधळतो. कोणता आधी द्यावा?

दुसरं, ‘काम’ (इराकमध्ये काय करणार) हा रकाना बऱ्याच अर्जांत कोराच आहे. भरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांपुढे आत्मघाती हल्ला लिहिलंय. कोरे अर्ज वगळून टक्केवारी काढली तर फुगते, धरून काढली तर पडते. माझा कल वगळून काढण्याकडे, पण एकूण संख्या कंसात देऊन. चुकतंय का?

शिवाय हे सगळे एकाच वाटेने, सीरियातून आलेले. मग हाच नमुना पूर्ण इराकला लावता येईल का? संख्याशास्त्रवाल्यांनी जरा सांगा.