उतरण्याचा पहिला हक्क ग्लायडरचा, हे मान्य. पण तो दिसावा कसा?

होटगी_रोडचा_शिकाऊ (प्रश्न)

मी मूळचा सोलापूरचा असून सध्या परराज्यातील एका छोट्या धावपट्टीवर विमानचालनाचे प्रशिक्षण घेत आहे. त्याच धावपट्टीवरून ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानेही उडतात. गेल्या महिन्यात मी बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलकडे (धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्याकडे) वळत असताना उजव्या बाजूने, माझ्यापेक्षा बऱ्याच उंचीवरून एक ग्लायडर उतरत आला. मला तो दिसलाच नव्हता. प्रशिक्षकांनी नियंत्रण हाती घेऊन विमान पुन्हा वर नेले आणि खाली आल्यावर एवढेच सांगितले की, हक्क त्याचा होता. हे मला पाठ आहे. परीक्षेत तसे लिहूनही आलो आहे. माझी अडचण वेगळी आहे. जो दिसतच नाही, त्याला वाट कशी द्यायची? सुट्टीत घरी आलो असताना मित्र म्हणाले की, आपल्याकडचे उन्हाळ्याचे आकाश पाहता सोलापुरातही ग्लायडिंग सुरू व्हायला हवे. ते शक्य आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

घारीची_नजर

मी तरुणपणी पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रावर उडत असे, त्यामुळे पलीकडच्या बाजूने उत्तर देतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला वाट द्यायची असते, आणि उतरतानाही तेच लागू होते. यामागे लाड नाही, नाइलाज आहे. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत उतारावरून येणाऱ्या ट्रॅक्टरला आपण सोलापूरकर मुकाट्याने बाजू देतो, कारण त्याला थांबता येणार नाही हे आपल्याला ठाऊक असते. ग्लायडरचे तसेच आहे. तुमच्या प्रशिक्षकांनी विमान पुन्हा वर नेले. ग्लायडरच्या वैमानिकाला ती सोय नाही, त्याला उतरण्याची एकच संधी असते.

आता तो दिसला का नाही, याकडे वळू. प्रशिक्षण ग्लायडर शांत हवेत एक मीटर उंची खर्चून साधारण २८ ते ३४ मीटर पुढे जातो. पण समोरचा वारा आणि खाली ओढणारी हवा यांचा भरवसा नसल्याने वैमानिक मुद्दाम उंच राहतो, धावपट्टीच्या जवळून वळतो आणि मग एअरब्रेक उघडून तीव्र उताराने खाली येतो. तुम्ही मात्र लांबून, साधारण तीन अंशांच्या उताराने येता. म्हणजे दोघांचे मार्ग फायनलवर एकमेकांना छेदतात, आणि ते नेमके तुमच्या डोक्यावरून. पंख वर असलेल्या विमानात वळताना आतल्या बाजूचा पंखच तो भाग झाकून टाकतो. त्याच्या बाजूनेही फार बरे नसते, कारण तुम्ही त्याच्या नाकाखाली असता.

आणखी एक गोष्ट प्रत्येक शिकाऊने ध्यानात ठेवावी. ज्याच्याशी टक्कर होणार असते, ते विमान काचेवर सरकताना दिसत नाही. ते एकाच जागी स्थिर राहते आणि शेवटच्या काही सेकंदांत अचानक मोठे होते. पांढरा, सडपातळ ग्लायडर समोरून तर एका रेघेएवढाच दिसतो. दोघांचा मिळून वेग ताशी २५० किलोमीटर धरला, तर एक किलोमीटर अंतर सुमारे १४ सेकंदांत संपते. आणि पाहणे, ओळखणे, ठरवणे व विमान प्रत्यक्ष वळणे यांसाठी अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने १२.५ सेकंद धरले आहेत. उरलेल्या दीड सेकंदावर कोणीही विसंबू नये.

यंत्रावर_विश्वास

एवढा ऊहापोह कशाला? प्रत्येक ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर (रडारला आणि इतर विमानांच्या यंत्रणांना आपले अस्तित्व कळवणारे उपकरण) सक्तीचा केला की प्रश्न मिटला.

घारीची_नजर

प्रश्न इतका सोपा असता तर बरे झाले असते. २८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेच्या नेवाडा राज्यात एक हॉकर जेट सुमारे १६,००० फुटांवर ग्लायडरला धडकले. त्या ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर होता, परंतु बॅटरी वाचवण्यासाठी वैमानिकाने तो बंद ठेवला होता. इंजिन नाही म्हणजे वीज निर्माण करणारेही काही नाही, हे अशा वेळी आठवते. सुदैवाने तो पॅराशूटने उतरला आणि जेटही चाके न उघडता जमिनीवर आले, सगळे वाचले. ग्लायडरवाल्यांमध्ये रूढ असलेले, टकरीचा इशारा देणारे फ्लार्म हे यंत्र चांगले आहे, पण दोन्हीकडे परस्परांना समजणारी उपकरणे असली तरच उपयोग. यंत्र अवश्य ठेवावे, फक्त डोळ्यांना सुट्टी देऊ नये.

निवृत्त_नियंत्रक

वरील चर्चेत जमिनीवरच्या शिस्तीचा मुद्दा राहिला. जिथे दोन्ही प्रकार एकत्र चालतात, तिथे अनेक ठिकाणी इंजिनाच्या विमानांचे सर्किट (उतरण्यापूर्वीची धावपट्टीभोवतीची ठरलेली फेरी) एका बाजूला आणि ग्लायडरचे दुसऱ्या बाजूला ठेवतात. याचा फायदा असा की, दोघेही फायनलपर्यंत परस्परांपासून दूर राहतात. तोटा असा की, फायनलवर ते समोरासमोरून वळत येतात. आपल्या प्रश्नकर्त्याच्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे. म्हणून रेडिओवर केवळ ‘फायनलला येतो आहे’ एवढे पुरेसे नाही. कोणत्या बाजूच्या बेसवरून, किती उंचीवर आणि ग्लायडर आहे की विमान, हे सांगायला हवे, आणि बोलण्यापूर्वी थोडे ऐकायलाही हवे.

ग्लायडर वर चढवायला विंच (केबल गुंडाळणारे जमिनीवरचे यंत्र) वापरत असतील तर धावपट्टीच्या मध्यावरून ओलांडण्याची सवय सोडावी. ग्लायडर वर खेचणारी केबल हजार फुटांच्याही वर जाते आणि ती हवेत दिसत नाही.

सोलापूरबद्दल सांगायचे, तर इथल्या एप्रिल-मेच्या थर्मलविषयी, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेविषयी, शंका नाही. घारी पंख न हलवता तासभर तरंगतात, ते कोणीही गच्चीवरून पाहावे. परंतु विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडल्यानंतर आणि जून २०२५ पासून गोव्याची विमानसेवा सुरू झाल्यानंतर होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीवर एटीआर हे प्रवासी विमान उतरू लागले आहे. त्याच्यातील टक्करटाळू यंत्रणेला ट्रान्सपाँडर नसलेला ग्लायडर दिसणारच नाही. तेव्हा माझे मत असे की, हौस भागवायची असेल तर वेगळी पट्टी आणि वेगळा आकाशाचा तुकडा आखून घ्यावा. प्रवासी विमानांच्या वेळा सांभाळून त्याच पट्टीवर ग्लायडिंग करण्याचा आग्रह धरू नये.

होटगी_रोडचा_शिकाऊ

सर्वांचे मनापासून आभार. आमच्याकडे दोन्ही सर्किटे विरुद्ध बाजूंनाच आहेत, आणि त्या दिवशी मी रेडिओवर बाजू सांगितली नव्हती, हे आता लक्षात आले. आमच्याकडे विंच नाही, ग्लायडर टो-प्लेनने ओढून नेतात. तेव्हा केबलची भीती नाही, असे समजू का?

निवृत्त_नियंत्रक

नाही. ग्लायडर सोडल्यावर टो-प्लेन पुढच्या फेरीच्या घाईत झपाट्याने खाली येते आणि अनेकदा मागे दोरी लोंबकळत असते. फायनलवर त्याच्या मागोमाग जाताना त्याच्या खाली राहू नका. शिवाय २०१० मध्ये अमेरिकेत बोल्डरजवळ एक सिरस विमान टो-प्लेनलाच धडकले आणि तिघे दगावले, मागच्या ग्लायडरने दोर सोडला म्हणून तो तेवढा सुखरूप उतरला. एकदा प्रशिक्षकांची परवानगी काढून त्या टो-प्लेनच्या वैमानिकाला विचारा, की खाली येताना तो कोणत्या बाजूने वळतो.