नाटकातून कॅमेऱ्यासमोर: पहिली सेल्फ टेप, फोटो आणि पुढचं सगळं

नवखा_नट

हौशी रंगभूमीवर बऱ्यापैकी कामं केली आहेत. आता मालिका, चित्रपट, जाहिराती यांसाठी प्रयत्न सुरू केलाय. या क्षेत्रात ओळखीचं कुणी नाही. नोकरी आहे आणि ती एवढ्यात सोडणार नाही.

एका कास्टिंगसाठी दोन पानांचा प्रसंग आलाय, परवापर्यंत सेल्फ टेप (घरीच स्वतः चित्रित केलेली ऑडिशन) पाठवायची आहे. फोनवर करून बघितलं तर चेहरा विचित्र दिसतो, आवाज घुमतो आणि सगळं ओरडून बोलल्यासारखं वाटतं. टेप नीट कशी करायची? शिवाय पोर्टफोलिओसाठी खूप खर्च करून फोटो काढावेत का, शोरील (आपल्या कामाच्या निवडक तुकड्यांचा छोटा व्हिडिओ) नसेल तर काय पाठवायचं, आणि क्लास लावायचा तर कसा पारखायचा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

साउंड_रोलिंग

आधी टेपचं बघू, कारण ती परवा द्यायची आहे. तांत्रिक बाजूपासून सुरुवात करतो. अभिनय कितीही चांगला असला तरी शब्द कळत नसतील तर बघणारा पुढच्या टेपकडे वळतो.

चेहरा विचित्र दिसतो कारण फोन फार जवळ आहे. हातभर अंतरावरून नाक मोठं दिसतं आणि कान मागे गेल्यासारखे वाटतात. फोन दीड ते दोन मीटर मागे न्या आणि दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. ती नसेल तर साध्या लेन्सनेच शक्य तितकं मागून घ्या. फोन आडवा ठेवा, स्टँडवर, लेन्स बरोबर डोळ्यांच्या उंचीला. मागचा कॅमेरा वापरा. तो पुढच्यापेक्षा सहसा चांगला असतो, आणि स्क्रीन समोर नसल्यामुळे स्वतःकडे बघण्याचा मोहही होत नाही. चौकट छातीपासून वर, डोक्यावर थोडी जागा. वेगळं काही मागितलं असेल तर अर्थातच तसं करा. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक करा, नाहीतर तुम्ही पुढेमागे झालात की चित्र उजळतं आणि काळवंडतं.

प्रकाशासाठी खिडकीकडे तोंड करून उभे राहा. खिडकी पाठीमागे नको. रात्री करणार असाल तर दोन दिवे, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत, डोळ्यांच्या थोडे वर. फक्त डोक्यावरचा दिवा लावला तर डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि डोळेच दिसत नाहीत. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर दिव्याचा आणि फ्रेम रेटचा (सेकंदाला किती चित्रं टिपली जातात त्याचा) मेळ बसत नाहीये असं समजा. ५० हर्ट्झच्या विजेवर २५ फ्रेम आणि ६० हर्ट्झच्या विजेवर ३० फ्रेम ठेवून बघा. पाठीमागे एकरंगी भिंत किंवा चादर, तिच्यापासून किमान तीन फूट पुढे उभे राहा, म्हणजे सावली भिंतीवर चिकटत नाही. कपडे एका रंगाचे. बारीक रेघा आणि चौकडी कॅमेऱ्यात थरथरतात.

आवाज घुमतो तो रिकाम्या खोलीमुळे. पडदे ओढा, जमिनीवर सतरंजी टाका, कॅमेऱ्याच्या मागे आणि बाजूला जाड रजया टांगा. पंखा बंद. कॉलरला लावायचा साधा माइक असेल तर उत्तम, पण तो कपड्याला घासत नाही ना, हे हेडफोन लावून तपासा. आधी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून ऐका आणि मगच पुढे जा.

आता समोरचे संवाद वाचणारा माणूस. इथे बहुतेक टेप बिघडतात. त्याला लेन्सच्या अगदी शेजारी बसवा, त्याचे डोळे लेन्सच्या उंचीला, वीतभरापेक्षा जास्त लांब नकोत. तो चार फुटांवर बसला की तुमचा फक्त एक गाल दिसतो. तो माइकच्या जवळ आहे, त्यामुळे त्याने तुमच्यापेक्षा हळू आवाजात वाचायचं, नाहीतर टेपमध्ये तोच नायक वाटतो. मात्र सपाट वाचू नये. तुम्हाला प्रतिक्रिया द्यायला काहीतरी मिळायला हवं. सांगितलं नसेल तर लेन्समध्ये बघायचं नाही. प्रसंगात दोनपेक्षा जास्त पात्रं असतील तर दुसऱ्या पात्राची नजर लेन्सच्या दुसऱ्या बाजूला ठरवा आणि शेवटपर्यंत ती बदलू नका.

सुरुवातीची ओळख मागितली असेल तेवढीच द्या: नाव, उंची, भाषा, तारखांची उपलब्धता, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू. जाहिरातीसाठी बऱ्याचदा हातही दाखवायला सांगतात. ओळख भूमिकेच्या आविर्भावात देऊ नका. तिथे तुम्ही माणूस म्हणून कसे आहात ते बघतात.

एकाच सुरात दहा टेक पाठवण्यापेक्षा खरोखर वेगळे दोन पाठवा. फाइलचं नाव सूचनेत दिलंय तसंच. लिंक पाठवत असाल तर दुसऱ्या फोनवरून उघडून बघा. परवानगी न दिलेली लिंक कुणी मागे लागून उघडून घेत नाही.

---

तिसरी_घंटा

"ओरडून बोलल्यासारखं वाटतं" यावर लिहिते. नाटकातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा हा पहिला अडथळा असतो. उपाय "अभिनय कमी करा" हा नाही. कमी करायला गेलं की चेहरा निर्जीव होतो.

रंगमंचावर आवाजाची फेक शेवटच्या रांगेपर्यंत असते. कॅमेऱ्यापुढे तुमची शेवटची रांग म्हणजे लेन्सशेजारी बसलेला माणूस. त्याच्यापर्यंत पोचेल एवढंच बोला, पण त्याच्याकडून हवं असलेलं मिळवण्याची निकड तेवढीच ठेवा. निकड कमी केली की काम पडतं. आवाज कमी केल्याने पडत नाही.

बाकी सवयी: प्रत्येक शब्दाला भुवया उचलणं, समोरचा बोलत असताना सतत मान हलवणं, वाक्य संपलं की नजर खाली टाकणं. क्लोजअपमध्ये या तिन्ही गोष्टी फार मोठ्या दिसतात. तालमीचा एक टेक आवाज बंद करून बघा. तुमचा विचार कुठे बदलतो हे चेहऱ्यावरून कळतंय का? कळत नसेल तर तुम्ही शब्द म्हणताय, विचार करत नाही आहात. समोरच्याचं ऐकतानाचा चेहरा विशेष तपासा. संकलक पुष्कळदा ऐकणाऱ्याचा शॉट वापरतो.

प्रसंगाची तयारी. आधी पाठांतर करू नका. रशियन नाट्यदिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक स्तानिस्लावस्की ज्याला "दिलेली परिस्थिती" म्हणत, तिथून सुरुवात करा: मी कोण, कुठे आहे, किती वाजलेत, समोरच्याशी नातं काय. मग तीन प्रश्न. या क्षणाच्या अगदी आधी काय घडलं? मला समोरच्याकडून काय हवंय? ते का मिळत नाहीये? "मला दुःख झालंय" हे उत्तर खेळता येत नाही. "त्याने जाऊ नये म्हणून मी त्याला अडकवून ठेवतेय" हे खेळता येतं. संहितेत जिथे डावपेच बदलतो (विनवणी, मग टोमणा, मग धमकी) तिथे पेन्सिलने रेघ मारा. दोन पानांत अशा चार-पाच जागा सहज सापडतात.

मग पाठांतर, पण कोणताही सूर न लावता, सपाट. एकदा चाल बसली की ती सुटत नाही आणि दिग्दर्शकाने "हेच आता हसत बोल" सांगितलं की गाडी अडते. समोरच्याचा क्यूही (ज्या वाक्यानंतर तुम्ही बोलायचं ते) पाठ करा. फक्त स्वतःची वाक्यं पाठ करणारे समोरच्याच्या वेळात पुढचं वाक्य आठवत बसतात आणि ते डोळ्यांत दिसतं. आदल्या रात्री पाठ करून झोपा, सकाळी भांडी घासताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना म्हणा. हात कामात असताना न अडखळता आलं तर पाठ झालं.

समोरासमोरच्या ऑडिशनमध्ये एक टेक झाल्यावर काही बदल सुचवला तर तो टीका म्हणून घेऊ नका. तुम्ही सूचना ऐकून लगेच बदलू शकता का, हेच तिथे तपासलं जातं. बदल लहानसा केला तर केलाच नाही असं दिसतं, म्हणून ठळक करा. शब्द चुकला तर माफी मागत थांबू नका, पुढे चला.

---

नवखा_नट

दोघांचे मनापासून आभार. आवाज बंद करून टेक बघितला, मान हलवण्याचं अगदी खरं निघालं. फोटो, शोरील आणि क्लासबद्दल कुणी सांगेल का?

---

पडद्यामागची

फोटोंना सुरुवातीला मोठा खर्च नको. तीनच लागतात: चेहऱ्याचा जवळून, कमरेपासून वर, आणि पूर्ण उभा. खिडकीचा प्रकाश, साधी पार्श्वभूमी, मेकअप नावापुरता. त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर अजिबात वापरू नका. फोटोतला माणूस आणि दारातून आत आलेला माणूस वेगळे दिसले की कास्टिंगवाल्यांचा वेळ वाया जातो, आणि ते लक्षात राहतं. दाढी काढली, केस कापले, वजन बदललं की फोटो नवे. हे पोर्टफोलिओवाले पंधरा पेहराव घालून काढतात तसले फोटो कास्टिंगला फारसे उपयोगी नसतात.

माहिती एका पानात. उंची, भाषा, शिक्षण-प्रशिक्षण, केलेली कामं, कौशल्यं. भूमिकेचं वय सात-आठ वर्षांच्या टप्प्यात द्या, "१८ ते ४५" लिहिणाऱ्याला कुणी गंभीरपणे घेत नाही. पोहता येत नसताना पोहणं लिहू नका. सेटवर ते उघडं पडतं तेव्हा पूर्ण युनिट खोळंबतं आणि कधीकधी जिवावरही बेततं.

शोरील दीड मिनिटाच्या आत. सगळ्यात चांगला तुकडा पहिला, कारण पुष्कळदा तेवढाच बघितला जातो. संगीतावर झरझर बदलणारी दृश्यं नकोत, एकेका तुकड्यात तुम्ही बोलताना आणि ऐकताना दिसायला हवं. काम नसेल तर दोन छोटे प्रसंग नीट शूट करा, प्रत्येकी ३० ते ४० सेकंदांचे, एकमेकांपेक्षा वेगळ्या स्वभावाचे, तुमच्या वयाला आणि चेहऱ्याला शोभणारे. गाजलेल्या भूमिकेची नक्कल नको, लगेच तुलना होते. नाटकाचं प्रेक्षागृहात मागून घेतलेलं चित्रीकरण शोरीलमध्ये घालू नका, त्यात चेहरा दिसत नाही. विद्यार्थ्यांच्या लघुपटांत काम करा. पण चित्रीकरणाची प्रत कधी मिळणार हे आधी लेखी घ्या, ती न मिळणं ही नेहमीची तक्रार आहे.

क्लास निवडताना एकच हिशेब करा: एका तासिकेत तुम्ही स्वतः उभं राहून किती मिनिटं काम करणार? दोन तास आणि तीस विद्यार्थी म्हणजे माणशी चार मिनिटं. त्यापेक्षा दहा-बारा जणांचा गट बरा. कॅमेऱ्यावर काम करून ते पुन्हा दाखवतात का, आवाज आणि शरीरावर वेगळं काम घेतात का, हे विचारा. एक तासिका बसून बघायची परवानगी मागा. अमेरिकन अभिनयशिक्षक माइझनरची पुनरावृत्तीची तालीम, म्हणजे समोरच्याबद्दल जे दिसतं ते वाक्य दोघांनी एकमेकांना परत परत म्हणत राहणं, ऐकण्याची सवय लावायला फार चांगली. ती घरी जोडीदारासोबतही होते. "काम मिळवून देण्याची हमी" देणारा क्लास मात्र टाळा. अशी हमी देणं कुणाच्याच हातात नसतं.

---

कॉल_शीट

दोन गोष्टी जोडतो, कारण नवीन लोक इथे फसतात.

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. नोंदणी शुल्क, ओळखपत्राचे पैसे, "आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ काढा", "भूमिका पक्की, फक्त अनामत भरा", यातलं काहीही आलं की तिथेच थांबा. कास्टिंग डायरेक्टरला निर्माता पैसे देतो. एजंट तुमच्या मिळालेल्या मानधनातून ठरलेला हिस्सा घेतो, काम मिळण्याआधी नाही. बोलावणं आलं की निर्मिती संस्था, भूमिका, शूटिंगच्या तारखा आणि ऑडिशनचा पत्ता विचारा आणि संस्थेशी स्वतः संपर्क करून पडताळा. हॉटेलच्या खोलीत किंवा कुणाच्या घरी एकट्याने जाऊ नका. कपडे काढून व्हिडिओ मागणाऱ्याला उत्तरही देऊ नका.

काम मिळालं तर सही करण्याआधी किती दिवस, दिवसाला किती तास, जादा वेळेचं काय, पैसे कोणत्या तारखेला आणि रद्द झालं तर काय, हे सगळं लेखी घ्या. जाहिरातीत आणखी तीन: कोणत्या माध्यमांत, कोणत्या प्रदेशात, किती काळ. शिवाय त्याच प्रकारच्या दुसऱ्या उत्पादनाची जाहिरात किती काळ करता येणार नाही तेही बघा. मुदत न लिहिलेला करार म्हणजे तुमचा चेहरा कायमचा दिला असं होऊ शकतं.

सेटवर उपयोगी पडणारं: जमिनीवरच्या खुणेपाशी खाली न बघता थांबता यायला हवं. त्यासाठी खुणेवर उभे राहा, तिथून उलट चालत सुरुवातीच्या जागेपर्यंत पावलं मोजा आणि टेकला तेवढीच टाका. कप कोणत्या शब्दावर उचलला, कोणत्या हाताने, हे लक्षात ठेवा. लांबच्या शॉटमध्ये एका शब्दावर आणि क्लोजअपमध्ये दुसऱ्या शब्दावर उचलला तर दोन्ही जुळत नाहीत आणि तुमचा चांगला टेक वाया जातो.

नोकरी सोडणार नाही म्हणालात, ते योग्यच. पण ऑडिशनचं बोलावणं आदल्या दिवशीही येतं, तेव्हा रजा किंवा वेळेची अदलाबदल कशी होईल हे आधी बोलून ठेवा. आणि एक वही करा: तारीख, प्रकल्प, भूमिका, कुणाला पाठवलं, अंगात कोणते कपडे होते. दुसऱ्या फेरीला बोलावलं तर तेच कपडे आणि तीच केसांची ठेवण घेऊन जा. पहिल्या टेपमधल्या तुम्हालाच त्यांनी परत बोलावलेलं असतं. उत्तर नाही आलं तर आठवण करून देणारे मेसेज पाठवत बसू नका, पुढचा प्रसंग तयार करायला घ्या.