लोंबीच्या बुडातले दाणे पोचट राहत्यात, हार्मोनचं टॉनिक मारू काय?

आजऱ्याचा भातवाला
रामराम मंडळी. 30 गुंठे इंद्रायणी आहे, गेल्या साली लोंबी झकास निसवली, शेंड्याकडचे दाणे टच्च भरले पण बुडातले निम्मे पोचट. दुकानात टॉनिक मारा म्हणत्यात. यंदा भात पोटरीला आलंय, म्हंजे लोंबी अजून पानाच्या पोटात आहे, काय करू सांगा की.

बियाणेवेडा_कोल्हापूर
दादा थांबा जरा. भाताची लोंबी शेंड्याकडनं फुलत खाली येते, त्यामुळं वरचे दाणे आधी साखर ओढायला लागतात आणि बुडातले मागं पडतात. फुलात दाणा धरल्यावर पहिल्या आठवडा-दहा दिवसांत दाण्याच्या आत पेशी वाढतात, ते काम सायटोकायनिन हार्मोनचं, जितक्या पेशी तितकी स्टार्च साठवायला जागा. बुडातल्या दाण्यांत हे कमी पडतं, शिवाय इथिलीन नावाचं दुसरं हार्मोन जास्त असतं, ते भरणं अडवतं. जीन्सचं पण आहे, 2005 ला जपानी शास्त्रज्ञांनी भातात एक जीन शोधला, तो सायटोकायनिन मोडणारं एन्झाइम बनवतो, तो मंदावला की लोंबीला दाणे जास्त लागतात. पण जास्त लागले म्हणून भरतीलच असं नाही ना, तेवढी साखर पण पाहिजे! बाटलीतलं हार्मोन नेमक्या त्या दाण्यात नेमक्या दिवशी पोचवणं लई अवघड, मी तरी पैसे घालणार नाही.

जुना शेतकरी, भुदरगड
लेकरा, आधी पोचट दाणा सोलून बघ. आत काहीच नसलं तर फुलात दाणाच धरला नाही, फुलोऱ्यात पाऊस झोडपला की असं होतं. आत बारीक चिमटलेला तांदूळ असला तर भरताना उपाशी राहिला. टरफलावर तपकिरी ठिपका दिसला तर ढेकण्या किड्यानं दाण्यातला चीक शोषलाय. आणि पोटरीनंतर युरिया जास्त झाला की भात हिरवंगार राहतं, खोडातली साखर दाण्याकडं लवकर सरकत नाही.

बियाणेवेडा_कोल्हापूर
काकांचं अगदी बरोबर. पालाश (पोटॅश) कमी पडलं तरी साखरेची ने-आण मंदावते, माती तपासून घ्या.

आजऱ्याचा भातवाला
तुळईला बांधलेल्या गेल्या सालच्या लोंब्या सोडून बारा दाणे सोलले. दोन रिकामे, बाकी दहांत चिमटलेला तांदूळ, ठिपका कशावरच नाही. पोटरीनंतर युरिया मीच टाकलेला, पानं पिवळी दिसली म्हणून. यंदा नाही टाकत. काका, फुलोऱ्यात पाणी किती ठेवू?

जुना शेतकरी, भुदरगड
फुलोऱ्यात रान सुकू देऊ नकोस. दाणा चिकातनं घट्ट व्हायला लागला की मग हळूहळू बांध फोड.