केंद्रकाचं आवरण परत कसं चढतं

'पेशीच्या विभाजनात केंद्रकाचं आवरण विरघळतं आणि नंतर नवं बनतं' असं म्हणतात, त्यात थोडी भर. विरघळत नाही ते. त्याचं पटल, म्हणजे पातळ पापुद्रा, आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात) मिसळून जातं आणि विभाजन संपत आलं की तिथूनच येऊन गुणसूत्रांना लपेटतं.

मला खरी कमाल वाटते ती 'बाफ' या चिमुकल्या प्रथिनाची. माणसाच्या पेशीत प्रत्येक बाजूला ४६ सुटी गुणसूत्रं जातात, मग ४६ केंद्रकं का होत नाहीत? कारण बाफ शेजारशेजारचे डीएनएचे धागे एकमेकांत अडकवून सगळ्या गठ्ठ्याभोवती घट्ट थर करतं. पटलाला आत घुसायला फटच उरत नाही, ते बाहेरूनच फिरतं. बाफ काढून टाकलेल्या पेशींत एकाऐवजी अनेक छोटी केंद्रकं झालेली २०१७ साली दाखवली गेली.

तरी सूक्ष्मनलिका, म्हणजे विभाजनात गुणसूत्रं ओढणाऱ्या बारीक नळ्या, गुणसूत्रांना धरून असतात तिथे आवरणात भोकं राहतातच. स्पास्टिन हे प्रथिन त्या नलिका कापतं आणि एस्कॉर्ट-३ प्रथिनं भोकाची कड आवळत ते बंद करतात. हे काही मिनिटांत उरकतं! मागे रेंगाळलेल्या एखाद्या गुणसूत्राभोवती मात्र वेगळं सूक्ष्मकेंद्रक बनतं. त्याचं आवरण कच्चं, सहज फाटणारं, आणि मग आतल्या डीएनएचे तुकडे होऊ शकतात. कर्करोगाच्या अभ्यासकांचं लक्ष तिथे आहे ते यामुळेच.