वरच्या बाल्कनीतला विसर्ग

सोसायटीचा ग्रुप, शनिवार

ए-२०३: ए-३०३, नमस्कार. या आठवड्यात तिसऱ्यांदा लिहितेय. तुमच्या त्या लोंबत्या वेलीच्या कुंडीतून गढूळ पाणी आमच्या दोरीवर पडतं. जुलैत आधीच कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. यांचा पांढरा झब्बा परत भिजवलाय. चहा सांडल्यासारखे डाग आहेत.

ए-४०१: खडकवासल्यातून विसर्ग वाढवण्यात आला आहे. नदीपात्रात गाड्या लावू नयेत.

ए-२०३: तुम्हाला विनोद सुचतोय. दोरी माझी आहे.

ए-३०३: काकू, मनापासून सॉरी. खाली बशी लावलीय, पण ती भरून वाहत असणार. खरं सांगू का, मलाही त्या झाडाचं टेन्शनच आलंय. रोज न चुकता पाणी घालते, तरी पानं पिवळी पडतायत. काल पडदा सरकवताना नुसता हात लागला तर सहा-सात पानं खाली आली.

ए-२०३: रोज? पावसाळ्यात रोज पाणी?

ए-३०३: मे महिन्यात रोजच घालत होते. तेव्हा छान वाढलं. कठड्याच्या खाली दोन फूट आलं होतं.

ए-२०३: माहितेय. माझ्या खिडकीत आलं होतं.

बी-१०२: मुळाशी चहाचा चोथा घाला, वर तांदळाचं धुवण. आमचा मनी प्लांट छतापर्यंत गेलाय.

बी-५०४: मी तर फोनवर रिमाइंडर लावलाय. दर रविवारी सगळ्या कुंड्यांना एक-एक कप. नो टेन्शन.

ए-१०१: ३०३, फोटो पाठवा. अख्ख्या झाडाचा नको. एका पानाचा जवळून, आणि मातीचा.

ए-३०३: पाठवले सर.

ए-१०१: वाटलंच. बदामाच्या आकाराचं पान, वर चंदेरी नक्षी, खालून जांभळट, आणि दोऱ्यासारखी वेल. नर्सरीवाले स्ट्रिंग ऑफ हार्ट्स म्हणून देतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडी. चोथा अजिबात घालू नका. तो ओल धरून ठेवतो, बुरशी येते आणि मागोमाग चिलटं.

ए-३०३: चिलटं ऑलरेडी आहेत सर.

ए-१०१: मग माती आठवडाभर सुकलेलीच नाही.

जरा सविस्तर लिहितो. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेकडचं. जॉन मेडली वुड नावाच्या माणसाला १८८१ मध्ये ते नातालमध्ये खडकांवरून लोंबताना दिसलं. पुढे तो डर्बनच्या वनस्पती उद्यानाचा क्युरेटर झाला. नावातलं वुडी त्याच्यावरून. तर खडकाच्या फटीत माती असते मूठभर, पाऊस आला तरी निथळून जातो. त्यामुळे या झाडानं स्वतःची सोय करून ठेवलीय. पानं थोडी मांसल, आणि मातीत बारके कंद. कोरफडीइतका साठा नसतो, पण दहा-पंधरा दिवस सहज निघतात.

लांब कशाला, आपल्या सह्याद्रीत याची भावंडं आहेत. कंदीलपुष्प म्हणा, खरपुडी म्हणा, तीही सेरोपेजियाच. पावसात कंदातून वेल वर येते, फुलते, पाऊस सरला की सुकून जाते. पुढचे सात-आठ महिने सगळा संसार जमिनीखालच्या कंदात. आता अशा घराण्यातल्या झाडाला आपण रोज तांब्याभर पाणी पाजतोय.

ए-४०१: म्हणजे तिची स्वतःची अंडरग्राउंड टाकी आहे. आपल्यासारखी टँकरची वाट बघायला नको.

ए-१०१: अगदी. आणि भरलेल्या टाकीत रोज पाणी सोडलं तर काय होतं, ते २०३ सांगतीलच.

ए-२०३: सर, तुम्ही पण?

ए-३०३: पण मग मे महिन्यात कसं चाललं?

ए-१०१: मे महिन्यात आपल्याकडे हवा कोरडी, पारा ३८-३९, बाल्कनीत वारा. सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उडून जायचं. चूक तेव्हाही होत होती, ऊन ती झाकत होतं. आता हवा दमट, ऊन नाही, झाड पाणी ओढत नाही आणि माती सुकत नाही. त्यात नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळाशी कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, घट्ट गोळा असतो, तो स्पंजसारखा भरून राहतो. झब्ब्यावरचे चहासारखे डाग त्या कोकोपीटचेच. न धुतलेलं असलं की तपकिरी रंग सुटतो.

ए-२०३: म्हणजे माती नाही? मी दोन वेळा ब्रश मारला.

बी-५०४: सर, मग रविवारचा एक कप बरोबर आहे ना?

ए-१०१: रविवार तुमचा आहे, झाडाचा नाही. मार्च ते मे पाच-सहा दिवसांत तहान लागेल, आत्ता कदाचित पंधरा दिवसांनी. कॅलेंडर बघू नका, पान बघा. वेलीच्या वरच्या भागातलं, मातीजवळचं जुनं पान धरायचं आणि विड्याच्या पानासारखं हलकेच दुमडायचं. पोटात पाणी असेल तर ते ताठ राहतं, दुमडत नाही. तेव्हा जोर लावू नका, मोडेल. मऊपणे घडी पडली तर तहान आहे. त्याच्या जोडीला उदबत्तीची रिकामी काडी मातीत खुपसा. ओली माती चिकटून आली तर थांबा.

ए-३०३: आत्ता बघितलं. पान मऊ आहे सर! दुमडतंय. म्हणजे पाणी घालू?

ए-१०१: थांबा! काडी?

ए-३०३: काडी चिखलाने भरून आली.

ए-१०१: मग ती तहान नाही. मुळं कुजलीत. खाली पाणी आहे, पण वर चढवणारं कुणी उरलं नाही. इथेच लोक फसतात. पान मरगळलं म्हणून आणखी पाणी घालतात आणि झाड जातं. उद्या सकाळी कुंडी उतरवा, पेपर अंथरा, मी येतो वर.

बी-१०२: शुभ रात्री. उद्याचा दिवस सर्वांना आनंदाचा जावो.

रविवार

ए-३०३: सर येऊन गेले. ग्रुपसाठी लिहितेय, बऱ्याच जणांकडे ही वेल आहे. कुंडी उलटी केली तर गोळा जसाच्या तसा निघाला, कुंडीच्या आकाराचा. पिळला तर पाणी! वास साठलेल्या गटारासारखा. आत अकरा कंद मिळाले, चपटे, बटणासारखे. सरांनी एकेक अंगठ्याने दाबून बघितला. सात टणक, नव्या बटाट्यासारखे. चार दाबल्यावर नुसतीच साल हातात आली. ते आणि काळी पडलेली मुळं कापून टाकली. बाकीचे पेपरवर सुकत ठेवलेत, परवा लावायचे.

ए-४०१: अकरातले सात. फर्स्ट क्लास!

ए-३०३: आणि एक गंमत. वेलीला मधे मधे पेरांवर वाटाण्याएवढे मणी होते. मी ते रोग समजून खुडत होते. तेही कंदच निघाले! मातीवर नुसते टेकवून ठेवले की खालून मुळं फुटतात म्हणे. मी किती झाडं केरात टाकली असतील.

ए-१०१: कुंडीत काय भरायचं ते राहिलं. एक भाग साधी माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचे बारके तुकडे, एक भाग परलाइट, म्हणजे नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे. कोकोपीट मूठभर पुरे, तेही धुऊन. कुंडी लहान आणि उथळ. मोठ्या कुंडीत रिकामी माती जास्त, ओल जास्त. तळाला भोक हवंच. लावल्यावर चार-पाच दिवस पाणी नाही.

बी-५०४: आणि पाणी घालताना किती? अर्धा कप?

ए-१०१: थेंब थेंब नको. तहान लागली की पोटभर. कुंडी उतरवून बाथरूममध्ये न्यायची, तळाच्या भोकातून वाहीपर्यंत घालायचं, अर्धा तास निथळू द्यायचं आणि मग परत टांगायची. बशीत पाणी ठेवायचं नाही. यात २०३ चा प्रश्नही मिटतो.

ए-२०३: हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर झब्बा वाचला असता.

ए-१०१: पहिल्या दिवशी तुम्ही झब्ब्याचा फोटो टाकला होता, झाडाचा नाही.

सोमवार

सेक्रेटरी: सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या सकाळी १० ते दुपारी २ ओव्हरहेड टाकी साफ केली जाईल. पाणी भरून ठेवावे. आणि कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय मांडावेत.

ए-४०१: टाकीचाच विषय चालू होता.

ऑगस्ट, गुरुवार

ए-३०३: सर, नवीन पानं आली! लहान आहेत, पण चंदेरी नक्षी अगदी स्पष्ट. लावल्यापासून फक्त दोनदा पाणी घातलं, काडी लावून. आणि एक जांभळट नळीसारखं काहीतरी आलंय, खाली फुगीर, वर केसाळ टोपी. कीड आहे का?

ए-१०१: फूल आहे. खुडू नका! ही नळी म्हणजे सापळा असतो. आतले केस खालच्या बाजूला वळलेले, त्यामुळे बारकी माशी उतरते पण तिला वर येता येत नाही. केस कोमेजले की सुटते, जाताना अंगावर पराग घेऊन.

बी-१०२: डास पकडतं का?

ए-१०१: नाही.

ए-२०३: ३०३, बाई, आज पान बघितलंस का? मला डबल बेडच्या चादरी टाकायच्यात, पांढऱ्या.

ए-३०३: सकाळीच बघितलं काकू. ताठ आहे, दुमडत नाही. टाका.